आज भांग हाय

पास्कूला "कसा आहेस?" असं विचारलं की तो तिथी सांगायचा. "आज पंचमी, पानी उतरनीला लागलंय," किंवा "अमावास्या जवल आली, बाय. आज जरा बसू दे मना इथं." एवढं सांगून तो भिंतीकडच्या बाकावर टेकायचा, चपला काढून बाकाखाली जोडीनं ठेवायचा आणि मगच बाकीचं बोलायला मोकळा व्हायचा. आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात येणारी इतर माणसं 'ठीक', 'बरंय', 'जरा टेन्शन आहे' असली उत्तरं द्यायची आणि त्यातून काही कळायचं नाही. पास्कूच्या उत्तरातून तर सुरुवातीला मला काहीच कळायचं नाही.

मी देशावरची. माहेर सांगलीकडचं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन बोळिंजला राहायला आल्यावर, आणि तोही हातात भेळ घेऊन. भरती येते आणि ओहोटी येते, एवढंच मला शाळेत शिकवलं होतं आणि तेवढ्यावर माझं चाललंही होतं. मुलं कॉलेजात गेल्यावर मी समुपदेशनाचा कोर्स केला आणि वसई गावातल्या या केंद्रात लागले. केंद्र म्हणजे एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक बाक, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर कुणीतरी देणगीत दिलेली सुविचारांची पाटी. ती पाटी मला अजिबात आवडायची नाही. मनाचा निश्चय केला की सगळं जमतं, असं तिच्यावर लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला कधी साधी चहाची तल्लफही आली नसावी.

पास्कूला पहिल्यांदा त्याची बायको रेजिना आणि थोरला भाऊ इनास घेऊन आले. पाचूबंदरचे ख्रिस्ती कोळी. इनास म्हणजे शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेला, मोजकं बोलणारा माणूस. बोट त्याची, आणि बोटीवरचा तांडेलही तोच. म्हणजे जाळं कुठं टाकायचं, परत कधी फिरायचं हे तो ठरवणार आणि बाकीचे खलाशी ऐकणार. पास्कू त्याच बोटीवर लहानपणापासून होता. "म्याडम, हा गर्द वढतो," इनासनं सांगितलं. "आनि विडी. विडीचं काय नाय, विडी सगलेच वढतात. गर्दचं बगा."

गर्द म्हणजे चांदीच्या कागदावर जाळून जिचा धूर ओढतात ती तपकिरी पूड. नालासोपाऱ्याला एका ओळखीच्या माणसाकडे ती मिळायची. समुद्रावर जाताना पास्कू बेतानं पुरवून न्यायचा. मागच्या फेरीला त्याचा बेत चुकला. दोन दिवसांत पूड संपली आणि तिसऱ्या दिवशी हा बोटीच्या फळ्यांवर गडाबडा लोळायला लागला; उलट्या, हातपाय आखडलेले, तोंडानं नुसतं 'मना घरी न्या'. जाळी अर्धी समुद्रात, अर्धी बोटीत. इनासनं बोट वळवली. बोटीवर पोट असलेल्या सात घरांची फेरी फुकट गेली. धक्क्याला लागल्यावर इनासनं त्याला हात धरून उतरवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं की हा पुन्हा माझ्या बोटीत चढणार नाही. मग आमच्याकडे आणल्यावर त्यानं त्यात थोडी सवलत दिली. पुढच्या नारळी पुनवेपर्यंत गर्दला शिवला नाही, तर हंगाम सुरू होताना घेईन म्हणाला.

पास्कू खाली मान घालून ऐकत होता. पंचेचाळिशीचा, काटक, खांद्यांची हाडं शर्टातून वर आलेली. मी त्याला "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं तर त्यानं मागे वळून पाहिलं, दुसरं कोण आलंय म्हणून. त्याला अहो-जाहो आयुष्यात कुणी केलं नव्हतं. "तू मना तू म्हन, बाय," तो म्हणाला. "तुमी म्हनलं का मना पोलीस आठवतात."

त्याला बोट हवी होती. बायको-मुलांसाठी सोडतो, देवासाठी सोडतो, असं तो कधी बोलला नाही. रेजिना समोर बसलेली असतानाही नाही. "जमिनीवर मी कोन हाय?" असं त्यानं मला एकदा विचारलं होतं, आणि मला वाटतं त्याला खरंच उत्तर हवं होतं.

डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. त्यांनी जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केली. पास्कू रोज सकाळी येऊन आमच्यासमोर ती घ्यायचा, विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचा आणि मग तिथी सांगायचा. पहिले काही आठवडे बरे गेले. आणि मग एका सकाळी मी विचारलं, "कसा आहेस?" तर तो खुशीत म्हणाला, "एकदम बरा. आज भांग हाय."

मला धक्काच बसला. गर्द सुटते न सुटते तोवर यानं भांग धरली, आणि वर तोंड करून सांगतोय. मी विचारलं, "कधीपासून?" तर म्हणाला, "कालपासनं लागली. अजून दोन-तीन दिस राहील." मी विचारलं, "घरी माहीत आहे?" तो म्हणाला, "सगल्या बंदराला म्हायती हाय." मी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर पुण्याचे. त्यांनी गोळी थांबवू नका पण घरच्यांना बोलवून घ्या म्हणून सांगितलं. रेजिना मासळी बाजारातली पाटी शेजारणीवर टाकून धावत आली, तिनं नवऱ्याचं तोंड हुंगलं, खिसे चाचपले. मागोमाग इनास आला, चेहरा लाल. "काय खाल्लंस?" त्यानं भावाला विचारलं. पास्कू बिचारा आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. "खाल्लं काय? मी म्हनलो आज भांग हाय. अष्टमी नाय का?"

इनास मटकन खुर्चीवर बसला आणि हसायला लागला. तो माणूस हसतो हे रेजिनालाही नवीन असावं. मग त्यानं मला समजावलं. अमावास्येला आणि पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, पाणी चढतं. मधल्या अष्टमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो, भरती अर्धवट येऊन परत जाते. त्या मंद पाण्याला कोळी भांग म्हणतात. पास्कू मला इतके दिवस सांगत होता ते एवढंच, की त्याच्या आतली तल्लफही तशीच चढते आणि उतरते. आज उतरली आहे. आज बरं आहे.

डॉक्टरांना पुन्हा फोन करून हे सांगताना माझी जी काही शोभा झाली ती झाली. पण तो शब्द केंद्रात राहिला. नालासोपाऱ्याचा रिक्षावाला रामसूरत, ज्यानं समुद्र बहुधा पुलावरून जातानाच पाहिला होता, तोही आल्या आल्या सांगायला लागला, "मॅडम, आज उधान है, थोडा ज्यादा बैठूंगा." सुविचारांच्या पाटीपेक्षा मला हे कितीतरी बरं वाटलं.

विडीचं मात्र इनास म्हणाला तसंच आम्हीही धरून चाललो होतो. डॉक्टर म्हणायचे, एका वेळी एकच. गर्द सुटू दे, विडीचं मागाहून बघू. गटाची बैठक संपली की सगळे खाली पायऱ्यांवर जमायचे आणि एकमेकांना काडी द्यायचे. गर्द सोडणाऱ्याचा तेवढाच विरंगुळा, असं सगळ्यांचं मत. पास्कूला हे पटत नव्हतं. "दोघी सख्ख्या बहिनी हायत, बाय," तो म्हणायचा. "एकीला घरात बसवून दुसरीला सांगायचं येऊ नको. कशी नाय येनार? हाका मारते ती." विडीची तल्लफ तोंडाला लागते, गर्दची हाडांना, असा त्याचा हिशेब होता. तोंडाची आधी येते, लवकर जाते. पण विडीचा पहिला झुरका आत गेला की हाडं कान टवकारतात.

मी म्हटलं, "मग विडीही सोड."

"सोडली असती," तो म्हणाला. "पन मग माज्याकडं काय राहील? तू तरी सांग." विडी त्याला फार आवडायची. ती पेटवताना तो हातांचा असा आडोसा करायचा की खोलीत वारा नसला तरी वारा आहे असं वाटावं.

तिथी सांगण्यात एक गोम होती, ती आम्हा दोघांच्याही उशिरा ध्यानात आली. उधाणाच्या दिवसांत पास्कू जपून असायचा. घराबाहेर पडायचा नाही, केंद्रात दोनदा यायचा, रेजिनाच्या मागे मागे बाजारात जाऊन बसायचा. भांग लागली की सैल सुटायचा. आज काही होत नाही, पाण्याला जोरच नाही. जुलै महिन्यात, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या आणि हंगाम अगदी तोंडाशी आलेला असताना, रेजिनाच्या एका गिऱ्हाइकाला सुके बोंबील पोचवायला तो नालासोपाऱ्याला एकटा गेला. तिथी अष्टमी. एरवी नालासोपाऱ्याचं नाव काढलं की तो मान हलवायचा. त्या दिवशी मात्र त्यानं आपणहून पिशवी उचलली. परतताना रस्त्यात त्याच्या जोडीनं गर्द ओढणारा एक जुना ओळखीचा भेटला आणि त्यानं विडी पुढे केली. नुसती विडी. ती तर डॉक्टरांनीही चालेल म्हटलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा दरवाजा उघडायच्या आधी पास्कू पायरीवर बसलेला होता. मी काही विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं. "भांगंच्या दिसाला बुडालो, बाय." चपला त्यानं काढल्याच नव्हत्या. तिसऱ्या झुरक्याला हाडं जागी झाली आणि पुढचं काही आठवत नाही असं नाही, सगळं आठवतं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, एकदा घसरलं म्हणजे सगळं गेलं असं नसतं. हे आम्ही म्हणतोच, आणि ते खरंही असतं. पण त्याला माझ्याकडून तेवढंच नको होतं. इनासला कोण सांगणार, हे त्याच्या डोक्यात होतं. मी सांगू का, विचारलं. "नको. तू सांगशील तर त्याला वाटंल मी लपवलं." आणि तो तसाच उठून भावाकडे गेला.

इनासनं ओरडाआरडा केला नाही. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "पुढच्या हंगामाला बघू." नारळी पुनवेनंतर बोट निघाली तेव्हा पास्कू धक्क्यावर होता. दोर त्यानंच सोडला, असं रेजिनानं मला सांगितलं. सांगताना ती रडली. पास्कू मात्र आमच्याकडे येऊन गोळी घेऊन, तोंड मिटून, नेहमीसारखा बाकावर बसला. मला त्या दिवशी त्याच्याकडे बघवत नव्हतं.

ते वर्ष त्यानं जमिनीवर काढलं. बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगून वाळवायचे, ते काम बायकांचं. पास्कू बायकांच्या रांगेत उभा राहून बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायचा आणि येणारे-जाणारे त्याला 'काय पास्कूबाय' म्हणून हाक मारायचे. तोही ओ द्यायचा. दुपारी जाळी सांधायची. आणि त्या कामात त्याला विडीचं खरं रूप दिसलं. पूर्वी सांधताना ओठांत विडी असायचीच. आता त्याच्या ध्यानात आलं, लाकडी सुईचा एक फेरा झाला की हात आपोआप कानामागे खोचलेल्या विडीकडे जायचा. "मी वढतो असं मना वाटायचं," तो म्हणाला. "हात वढतो, बाय. मना कोन विचारतच नाय."

राखेच्या बुधवारी, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, तो कपाळाला राखेचा क्रूस लावून थेट चर्चमधून आला. "कपालाला राख लागली," तो म्हणाला, "आता तोंडात राख नको." डॉक्टरांनी थोडी कुरकुर केली, मग औषध लिहून दिलं. आणि विडीनं त्याचे जे हाल केले ते गर्दनं केले नव्हते. गर्दच्या वेळी निदान लोकांना दिसत तरी होतं की माणूस आजारी आहे. विडी सोडणाऱ्याला कोण आजारी म्हणतं? तो चिडचिडा झाला, रेजिनाशी भांडला, रामसूरतला पायऱ्यांवरून हाकलून दिलं. तोंडाला काम पाहिजे म्हणून जाळ्याचा दोरा दातांत धरायला लागला. आला की ओठाच्या कोपऱ्यात निळं नायलॉन लोंबत असायचं. "गर्दनं मना मारला," तो म्हणायचा, "पन ही विडी मारत पन नाय नि सोडत पन नाय."

घरात सगळ्यांचा समज असा की हा उपवासकाळापुरता नेम आहे. कुणी मटण सोडतं, कुणी दारू, यानं विडी सोडली. ईस्टरला सगळ्यांचे उपास सुटतात तसा याचाही सुटेल. ईस्टरच्या सकाळी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर रेजिनानं मटणाचं पातेलं उघडलं आणि त्याच्या ताटाशेजारी विड्यांचं कोरं बंडल ठेवलं. बाईनं किती मायेनं ते आणलं असेल. इतके दिवस नवऱ्यानं सोसलं, आता सणाला त्याचं त्याला मिळावं. पास्कूनं बंडल हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि उठून शेजाऱ्याला देऊन आला. मग जेवायला बसला. मला दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत सांगितलं, "बाय, उपास सुटला नि विडी पन सुटली."

दोघी बहिणींचं त्याचं म्हणणं सगळ्यांना लागू होतं असं मी म्हणणार नाही. रामसूरत आजही विडी ओढतो आणि गर्दला शिवलेला नाही. पण पास्कूपुरतं ते खरं ठरलं. विडी गेल्यावर त्याची हाडंही बऱ्यापैकी गप्प झाली. तिथी सांगायची सवय राहिली, पण अष्टमीलाही तो आता बाकावर येऊन बसायचा.

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात इनास एकटाच केंद्रात आला. वरची गुंडी लावलेली, बसायला तयार नाही. "पास्कूला घेतो," तो म्हणाला. "पन एक अडचन हाय, म्याडम." त्यांच्या बोटीवर, वडिलांच्या वेळेपासून, हंगामातलं पहिलं जाळं पाण्यात गेलं की तांडेल एक विडी पेटवतो, एक झुरका घेऊन शेजारच्याला देतो आणि ती सगळ्यांच्या हातातून फिरते. संपत आली की तिच्यावरच दुसरी पेटवायची. त्या वेळी दुसरं काही काम नसतं, पाणी फिरेपर्यंत नुसतं बसून राहायचं असतं. "रीत मोडली तर खलाशी कुरकुरतील. पास्कूला सोडून पुढे द्यावी म्हनतो. तुमचं काय मत?"

मी लगेच होकार दिला. दीड-दोन वर्षांच्या कष्टांनंतर पेटलेली विडी त्याच्या हातात कशाला द्यायची? मी पास्कूला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्यावर चिडला. "मना चुकवून विडी पुढं गेली तर मी बोटीत नाय, बाय. बोटीत ठेवलेला मानूस हाय. माज्या हातात आली पायजे. मी घेनार, पुढच्याला देनार." मी म्हटलं, धूर नाकाशी येणार, ओली विडी बोटांत असणार, आणि उठून जायला जागा नाही. "म्हायती हाय मना," तो म्हणाला. मग चपला घालून निघून गेला.

बोट गेली त्या दिवसांत माझं कामात लक्ष नव्हतं. स्वयंपाकात दोनदा मीठ विसरले आणि नवऱ्यानं विचारलं तर त्यालाच बोलले. बोट परत आल्याचं कळलं तशी मी सकाळीच वसईच्या मासळी बाजारात गेले. रेजिना पाटीमागे बसली होती आणि पास्कू तिच्यामागे उभा राहून बर्फ फोडत होता. चेहरा उन्हानं काळवंडलेला. मला बघून हातोडी खाली ठेवली. यावेळी मी तो कसा आहे ते विचारलं नाही. सरळ विचारलं, "विडी आली?"

"आली की."

"आणि तल्लफ?"

"ती पन आली. दोघी आल्या." तो हसला नाही. "इनासनं झुरका घेतला नि माज्या हातात दिली. मी धरली, बाय. जरा जास्तच वेल धरली. सगले पान्याकडं बघत व्हते, पन बघत माज्याकडं व्हते. मग पुढच्याला दिली. एकदा देता येते. पन ती फिरून परत येते ना. दुसऱ्या फेरीला मना वाटलं आता नाय जमत. विडी यायच्या आधीच हात वर जायला लागलेला."

"मग?"

पास्कूनं बर्फाचा तुकडा उचलला आणि पाटीत सारखा केला. मान वर केली नाही.

"मग काय. दुसऱ्या फेरीला इनासच्या हातात आली तर त्यानं पन वढली नाय. तशीच माज्याकडं दिली. म्हनाला, मना दमा झालाय, डॉक्टरनं नको सांगितलंय. मग मी पन तशीच पुढं दिली." रेजिना गिऱ्हाइकाला मासे मोजून देता देता थांबली होती. पास्कूनं ओल्या हातानंच डोळे पुसले. "त्याला कुठला दमा, बाय."